आधी बगळा, मग शेत

जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, हे आम्हा नवशिक्यांना वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर भर उन्हात बसवून सांगण्यात आलं. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळी पोस्टर कलरची पांढरी बाटलीच सगळ्यांत आधी संपायची. ढग, बैल, मारुतीचं देऊळ, सगळे त्यातूनच निघायचे. इथे पांढरा म्हणजे कोरा कागद. फिकटाकडून गडदाकडे जायचं, म्हणून आधी बगळा ठरवायचा आणि मग त्याच्याभोवती शेत रंगवायचं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तशी बगळ्याची जागा धरून ठेवायची. मी धरली. बगळा मात्र तोवर पलीकडच्या काठाला निघून गेला होता.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड, चारी कडांना टेप. एका तावाच्या पैशांत किती भाजी आली असती, हा हिशेब घरून निघतानाच ऐकून झाला होता. त्यामुळे ब्रश टेकवायची छाती होईना.

सर म्हणाले, "डोळे किलकिले करा. बारकावे जातील, छायाप्रकाश उरेल." नाना फडणविसांचा वाडा, घाटाची चंद्रकोर, मेणेश्वराचं देऊळ, मागचा पांडवगड, सगळ्यांकडे मी निष्ठेने किलकिलं पाहिलं. शेजारच्या काकूंनी डोळे धुवायला पाण्याची बाटली पुढे केली.

सॅप ग्रीन ट्यूबमधून थेट लावला की झाड प्लॅस्टिकचं दिसतं. त्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालावा. तोच सिएना अल्ट्रामरीन निळ्यात घातला की सावल्यांसाठी सुरेख करडा मिळतो. तिसरा रंग शिरला की चिखल. हा तिसरा रंग कुणी घेत नाही, तो आधीपासून ब्रशच्या पोटात दबा धरून असतो.

आणि या सगळ्यावर सरांचं पालुपद : "लूज! जे दिसतं ते नको, जे वाटतं ते काढा." मला ऊन लागतंय एवढंच वाटत होतं.

एव्हाना मागे गर्दी जमली होती.

"ह्ये काय म्हणायचं?"

"म्हैस."

"कुणाची?"

याचं उत्तर कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

"शिंगं लांब हायती. पंढरपुरी असंल."

"आरं, रंग ओघळलाय त्यो. मुऱ्हाच हाय ती."

वाद दुधावर गेला, तिथून डेअरीच्या दरावर. चित्रावरचं लक्ष उडालं, तेवढंच मला बरं वाटलं.

आकाशासाठी कागद ओला करून कोबाल्ट ब्लू सोडायचा आणि हात बांधून बसायचं. हे बसणं सगळ्यांत अवघड. कागद अर्धवट सुकलेला असताना ब्रशच्या टोकावरून एक थेंब पडला आणि बघता बघता रंग मागे ढकलत पसरला. निरभ्र आभाळात फ्लॉवरचा चांगला गड्डा उगवला, कडांना दाते वगैरे.

सर मागे येऊन थांबले. "वा! हे आकाश बोलतंय."

घाटावर गोधड्या वाळत घालून बसलेल्या एक आजी उठून आल्या. कमरेवर हात ठेवून चित्र नीट न्याहाळलं, मग कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"आभाळ भरून आलंय व्हय?" म्हणाल्या, आणि भराभरा गोधड्या गोळा करायला लागल्या.