तायकिळ्याला कचरा म्हणणाऱ्यांनो

आज शाळेतून लेक आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत तायकिळा, म्हणजे टाकळा, पावसाळी रानभाजी, घेऊन. मुळासकट उपटलेला, कोवळा लुसलुशीत. म्हटलं, कुठून गं? तर म्हणे, 'वीड्स काढले आम्ही. वनमहोत्सव ना!' ते उपटून तिथे काय लावलं? नर्सरीतून आणलेले शोभेचे क्रोटन. फोटो ग्रुपवर आलेत, बॅनरसकट.

अहो, बाजारात बायका ज्याच्या जुड्या विकतात, ज्याची भाजी आठळ्या आणि ओलं खोबरं घालून आपण वर्षातले जेमतेम चार आठवडे खातो, तो कचरा? आणि क्रोटन शिकवणार ऋतू? बारा महिने तसाच उभा असतो तो मेला!

आमच्या चौथीच्या बाईंनी शाळेमागे तवशाचे, म्हणजे पावसाळी काकडीचे, तीन वाफे करवले होते. एक मिरगात पेरायचा, एक आर्द्रात, एक श्रावणात. चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या वाट्याला आर्द्राचा आला. पावसाने असा झोडपला की आठ दिवस ऊन नाही, अंकुर आले ते बसले. मी रडले. बाईंनी डोळे पुसले नाहीत, वही पुढे केली. 'लिही. 8 दिवस ऊन नाही. बी कुजलं.' बस्स.

मान्य, आजच्या शिक्षकांना निवडणूक ड्युटी, पोर्टल, शंभर कागद. आणि झुडपात पाय घातला नि साप निघाला तर आपणच पहिले ओरडणार. ठीक आहे. पण उपटायच्या आधी पाच मिनिटं 'हे काय आहे' एवढं विचारायला कुठला निधी लागतो?

आणि आता तर संधी उलट जास्त आहे. 2025 पासून आमच्या गोव्यात सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलातच सुरू होतं. म्हणजे तडकलेली लाल माती पोरं बघतात, मेची सुट्टी संपवून येतात तर त्याच जागेवर हिरवं गच्च! गोव्यात पाऊस पोचायची सरासरी तारीख 5 जून, ती पाठ करून घेतात. खिडकीबाहेर तो पोचलेला असतो, तिकडे पाठ.

बाईंच्या पहिल्या वाफ्याला चतुर्थीच्या तोंडावर तवशी लागली. गणपतीवर फळं-रानफुलं बांधून टांगतात त्या माटोळीला बांधायला प्रत्येकाने एकेक नेलं. माझ्या वाफ्यात नुसती माती, पण बाकावरच्या मैत्रिणीने तिच्यातलं एक माझ्या दप्तरात घातलं, न बोलता. कांगलं, तोरिंग अशा फळांमध्ये ते वाकडं तवसं लटकत होतं आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, शाळेतलं आहे. माझं आहे असं म्हणवलं नाही. अजून आठवतं.

असो. लिहिता लिहिता राग उतरला. लेकीला घेऊन पोरसात, घरामागच्या परसात, गेले होते संध्याकाळी. तिथल्या तायकिळ्याची पानं मिटत होती, जोडी जोडीने. ती उकिडवी बसून बघत राहिली. 'झोपला?' म्हणाली. मग जरा वेळाने, 'आम्ही उपटले ते पण झोपत होते?' काय उत्तर देणार!

भाजी केली. तिने दोनदा घेतली.

उद्या तिच्याकडून तवशाचं बी पेरून घेतेय. आर्द्रा संपत आलीय, मिरग केव्हाच गेला. कुजेल बहुतेक. वही आणून ठेवलीय.