घरी किती वेळ असता तुम्ही?

आज रविवार म्हणून आम्ही सगळे वांगणीला घर बघायला गेलो होतो. सगळे म्हणजे मी, नवरा, दोन्ही मुलं आणि गुडघ्याला पट्टा बांधून सासूबाई. सॅम्पल फ्लॅट सुंदर होता, खोटं कशाला बोलू? दोन बेडरूम. लेकीनं तर आत शिरल्या शिरल्या स्वतःची भिंत ठरवून टाकली. मी एजंटला विचारलं, सकाळी दादरकडे जाणाऱ्या लोकल किती, त्या किती वेळाने येतात आणि रात्री परत यायला शेवटची कधी. तर तो अगदी समजावून सांगतो तसं म्हणाला, "मॅडम, तसंही तुम्ही घरी किती वेळ असता? मुलांसाठी बघा ना घर."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सव्वाअकरा वाजलेत, सगळे झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय.

माझ्या आईची गोष्ट सांगते. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर जे झालं ते तुम्हा सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी भोगलंय, ते परत सांगत नाही. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं. १९९६ ला बाबांचे गिरणीतून मिळालेले पैसे आणि आईच्या पाटल्या घालून बदलापूरला वन बीएचके घेतला. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास! आणि स्वयंपाकघरात ओट्यावर पूर्वेची खिडकी. आई त्या खिडकीसाठीच तयार झाली होती. चाळीत तिचा स्टो दाराआड असायचा, दिवसाही बल्ब लावून भाकऱ्या थापल्यात तिनं.

त्या खिडकीतलं ऊन ओट्यावर यायचं साडेसातला. आणि आई घरातून निघायची पावणेसातला. लोअर परळला शर्टाच्या कारखान्यात ती काजं-बटणं करायची, साडेनऊची हजेरी, उशीर झाला की अर्धा दिवस कापायचे. सुटायची सहाला, घरी यायची साडेआठ-नऊला. पिशवीत गाडीत निवडलेली मेथी नाहीतर मोडलेल्या शेंगा. सोळा वर्षं हे चाललं. सोळा वर्षं आईनं स्वतःच्या ओट्यावरचं ऊन फक्त रविवारी पाहिलं.

म्हणून मला तो प्रश्न एवढा लागला. घरी किती वेळ असता तुम्ही? अरे, घर इतकं लांब दिलंत की घरी असायला वेळच उरत नाही, आणि वर तेच कारण सांगून घर विकता?

आता आमचं गणित सांगते, कारण कुटुंबाच्या ग्रुपवर दिरांनी दुपारीच लिहिलंय, "वहिनी, एवढ्या पैशात टू बीएचके मिळतोय आणि तुम्ही डोंबिवलीतल्या जुन्या वन बीएचकेचा विचार करताय?" त्यावर सहा जणांचे अंगठे.

आम्ही भांडुपला भाड्यानं राहतो. इमारत पुनर्विकासाला चाललीय, मालकानं मे अखेरपर्यंत खाली करा म्हणून सांगितलंय. मी परळला लॅबमध्ये, नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. ताणून ताणून आमचं बजेट ४२ लाख. ४२ लाख म्हणजे ४२ लाखांचं कर्ज मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बँकेत जाऊन बसावं. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही. म्हणजे ८ लाख ४० हजार आपले. त्यावर मुद्रांक शुल्क (माझ्या नावावर घेतलं तर बायकांना १ टक्का कमी आहे, तेवढाच आधार), नोंदणीचे ३० हजार, एजंटचे वेगळे. बारा लाखांच्या आसपास रोख हातात हवेत. उरलेल्याचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं महिना २९ हजार. यात माझं सोनं, नवऱ्याचा पीएफ, सगळं आलं. दुसऱ्यांदा घर घेणं या जन्मात नाही. एकदाच चूक करता येणार आहे आम्हाला.

आणि सगळे सांगतात, पुढे जा. डोंबिवली नको, बदलापूरला जा. बदलापूर महाग वाटतंय? वांगणीला जा, शेलूला जा, नेरळला जा. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८, वांगणी ७९. बदलापूरच्या पुढे गाड्या फक्त कर्जत-खोपोलीच्या. एक चुकली की फलाटावर बसून राहायचं. सरकारनं गिरणी कामगारांना याच शेलू-वांगणीत घरं देऊ केली, तर जुलै २०२५ मध्ये म्हातारी माणसं पावसापाण्याची आझाद मैदानात जमली होती. टीव्हीवर बघून बाबा एवढंच म्हणाले, "ज्या माणसानं मुंबईत भोंगा ऐकला त्याला आता कुठं पाठवता?" त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

राग येतो मला. ज्यांचं स्वतःचं घर दादरला नाहीतर मुलुंडला आहे तेच आम्हाला हवा किती शुद्ध आहे ते सांगतात.

बरं, बदलापूरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी हे वाचतील. तुमच्यावर राग नाही गं. तिथं शाळा झाल्या, दवाखाने झाले, गच्चीवरून चंदेरीचा सुळका दिसतो, मोकळं आहे, सगळं मान्य. ज्यांचं काम अंबरनाथ-कल्याणला आहे त्यांनी जरूर तिथं घ्यावं, मीही घेतलं असतं.

पण पाणी? वांगणीच्या त्या इमारतीत नदीच्या बाजूच्या फ्लॅटला जास्त भाव होता. उल्हास नदी दिसते म्हणून! जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस याच बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर माणसं बाहेर काढावी लागली. मी विचारलं तर एजंट म्हणाला, "मॅडम, ते तिकडं खाली." २६ जुलै २००५ च्या पुरात माझी आई तिसऱ्या दिवशी घरी पोचली होती. दोन रात्री कारखान्यातच, कापडाच्या गठ्ठ्यांवर. फोन लागत नव्हते. बाबा स्टेशनवर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, धाकट्या भावाला खिचडी घालताना माझे हात कसे थरथरत होते ते मला अजून आठवतं. असलं "तिकडं खाली" मला कोणी सांगू नये.

डोंबिवली म्हणजे काही स्वर्ग नाही, तेही लिहिते. गर्दी मला माहीत आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं खाली पडली, जीव गेले, त्याच मार्गावरून मला रोज जायचंय. आणि कागदपत्रांची भीती वेगळीच. कल्याण-डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारती आठवतात ना? खोट्या परवानग्या दाखवून रेराची (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. आत राहणारे कोण? आपल्यासारखेच, हप्ते भरणारे. म्हणून कोणी नुसता रेराचा नंबर दाखवला की भुलून जाऊ नका. ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला मागा, आणि महापालिकेत जाऊन परवानगी खरी आहे का ते स्वतः विचारा. मी दोन शनिवार त्यात घालवलेत.

काहीजण नाशिक सुचवतात, कोल्हापूर सुचवतात. आमच्या नोकऱ्या कोण हलवून देणार?

लेकीचं मात्र मला वाईट वाटतंय. ती आठवीत आहे, तिला खोली हवी, आणि ती मागते त्यात चूक काहीच नाही. येताना गाडीत गप्प होती. मी तिला म्हणाले, वन बीएचकेमध्ये मी सातला घरी असेन, तुझ्याजवळ बसेन. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि मला एकटीला बसायचं असेल तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. हॉलमध्ये पडदा लावून तिचा कोपरा करू, एवढंच सुचलंय.

तरी माझं मत बदलत नाही. घरातून सगळ्यात आधी जो निघतो आणि सगळ्यात शेवटी जो येतो, त्याचा शब्द घर निवडताना शेवटचा असला पाहिजे. आमच्या घरात ती मी आहे. आईच्या वेळी ती आई होती, पण तिला कोणी विचारलंच नाही. बाबा चांगला माणूस, तरी नाही विचारलं. सगळे खोल्या मोजत होते. तिचे तास कोणीच मोजले नाहीत.

मघाशी तिला फोन केला. ती आता ७१ वर्षांची आहे, अजून त्याच घरात. मी जरा आवाज चढवूनच बोलले, की तुझी सोळा वर्षं त्या घरानं खाल्ली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "असं बोलू नये घराला. तुमची शिक्षणं झाली तिथं. आणि आता बसते ना मी रोज उन्हात." थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तिनंच विचारलं, "डोंबिवलीचं कितव्या मजल्यावर आहे? सासूबाईंचा गुडघा बघ हो."

तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तिथंच अडलंय सगळं.

मंगळवारी मी रजा न घेता, भांडुपहून नाही तर डोंबिवलीहून कामावर जाणार आहे. पहाटे उलटी गाडी पकडून तिथं जाईन आणि सव्वासातच्या गर्दीत तिथून परळला, संध्याकाळी परत तिथंच. रविवारी दुपारी बघितलेल्या घराचं काही खरं नसतं. नवरा पण येतोय, ठाण्याला उतरेल.

तोवर तुमच्यापैकी कोणाला डोंबिवली, ठाकुर्ली किंवा कळव्याला ४२ पर्यंतचं घर माहीत असेल तर कळवा. ओसी हवी, आणि तळमजला नाहीतर लिफ्ट. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला असेल तर रात्री कितीही वाजता फोन करा.