मौलाना आझाद म्हणे ‘अशिक्षित’ होते

नोव्हेंबर लागला की आमच्या रत्नागिरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फराळाच्या फोटोंच्या मधोमध एक मजकूर हमखास येतो. ११ नोव्हेंबर हा मौलाना अबुल कलाम आझादांचा जन्मदिवस, २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन. मजकूर म्हणतो तो असा: देशाचा पहिला शिक्षणमंत्री शाळेची पायरीही न चढलेला मौलवी होता, जन्मानं परदेशी, मनानं (मुस्लिम) लीगवाला, त्यानं इतिहासाची पुस्तकं हवी तशी लिहून घेतली, आणि पुढं १९७७ पर्यंत ते खातं मुसलमानांकडेच राहिलं. चार अंगठे पडतात, मजकूर पुढच्या ग्रुपात जातो.

शाळेत गेले नाहीत, हे खरं आहे. वडील मौलाना खैरुद्दीन इंग्रजी शाळांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी कलकत्त्यात मुलाला घरीच शिकवलं, पुढं एकेका विषयाला एकेक जाणता शिक्षक लावला. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, भूमिती, बीजगणित. इतरांना हा अभ्यासक्रम पुरा करायला विशी-पंचविशी उजाडायची. आझादांनी तो सोळाव्या वर्षी संपवला आणि वडिलांनी पंधराएक विद्यार्थी गोळा करून त्यांच्यापुढं बसवले: आता तू शिकव. मग सर सय्यद अहमद खानांचं लेखन वाचून वाटलं की इंग्रजी यायलाच हवं. कुणाकडून तरी मुळाक्षरं घेतली आणि बायबलच्या फारसी, उर्दू आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून माणूस इंग्रजी शिकला. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९१२ मध्ये, ‘अल-हिलाल’ साप्ताहिक काढलं. ते इतकं झोंबलं की सरकारनं दोन हजारांचा जामीन जप्त केला आणि वर दहा हजारांचा मागितला.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, म्हणजे संस्कृत पाठशाळेत, घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना आपण अशिक्षित म्हणत नाही. मराठी विश्वकोश त्यांच्या हाती दिला तेव्हा मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही. शास्त्र्याला एक माप आणि मौलवीला दुसरं, एवढाच काय तो या आरोपाचा अर्थ. (चाहत्यांचाही एक मजकूर फिरतो, की आझाद कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकले. तेही खोटं. ते कैरोला गेले होते, पण तिथल्या शिक्षणाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.)

परदेशी जन्माचं म्हणाल तर जन्म मक्केचा, १८८८. कुटुंब कलकत्त्याला परतलं तेव्हा पोर दोनेक वर्षांचं होतं. या हिशेबानं कुवेत, दुबई, दम्मामला जन्मलेली आमच्या मंडणगड-दापोली-राजापूरची पोरं कुठली म्हणायची? मजकूर पाठवणाऱ्यांपैकी काहींचे नातूही त्यातच निघतील.

‘मनानं लीगवाला’ हे तर लीगलाच माहीत नव्हतं! १९४० मध्ये जिनांनी तार करून त्यांना काँग्रेसचा ‘शो-बॉय’, म्हणजे शोभेचा मोहरा, म्हटलं आणि बोलणी करायलाही नकार दिला. १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपार होऊन ते रांचीला स्थानबद्ध होते, १९१९ सरेपर्यंत. स्थानबद्धता म्हणजे काय, हे ब्रह्मदेशचा थिबा राजा आणि सावरकर यांची स्थानबद्धता पाहिलेल्या रत्नागिरीला सांगायला नको. १९२३ मध्ये, पस्तिशीत, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत पकडले गेले तेव्हाही अध्यक्ष तेच. तिथून थेट अहमदनगरचा किल्ला. १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी झुलेखा वारल्या. आझादांनी सुटकेसाठी सरकारकडं विनंती केली नाही. फाळणीला त्यांचा विरोध शेवटपर्यंत राहिला.

आता पुस्तकं. हा आरोप सगळ्यात जास्त चिकटतो आणि सगळ्यात कमी टिकतो. १९५० च्या संविधानात शालेय शिक्षण राज्यांच्या सूचीत होतं. केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतल्या समवर्ती सूचीत ते आलं १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं. शाळेची पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था एनसीईआरटी स्थापन झाली १९६१ मध्ये. आझाद वारले २२ फेब्रुवारी १९५८ ला. म्हणजे आमच्या आजोबांच्या हातात पडलेलं शाळेचं पुस्तक दिल्लीचं नव्हतं, मुंबई सरकारचं होतं. आणि १९५२ पर्यंत त्या सरकारचे प्रमुख कोण? बाळासाहेब खेर. जन्म रत्नागिरीचा, सालही तेच, १८८८.

बरं, संस्कृतीवर त्यांना काही लादायचंच असतं, तर साहित्य अकादमी हातात होती. तिचं उद्घाटन झालं १९५४ मध्ये, आझाद शिक्षणमंत्री असताना. १९५५ चा मराठीचा पहिला पुरस्कार मिळाला तर्कतीर्थांच्या वैदिक संस्कृतीवरच्या ग्रंथाला. १९५६ चा संस्कृतचा पुरस्कार मिळाला धर्मशास्त्राच्या इतिहासाबद्दल पां. वा. काणे यांना, म्हणजे आमच्या परशुरामच्या माणसाला. कारस्थान असेल तर फारच ढिलं होतं.

राहिली मंत्र्यांची यादी. आझादांनंतर १९६३ पर्यंत कालूलाल श्रीमाळी होते. नंतर हुमायून कबीर, मु. क. छागला आणि फक्रुद्दीन अली अहमद असे तिघे १९६३ ते १९६७ मध्ये आले. मग त्रिगुण सेन, व्ही. के. आर. व्ही. राव, सिद्धार्थ शंकर राय. १९७२ ला नुरुल हसन. मजकुरात फक्त मुसलमान नावं ठेवली आणि मधली वर्षं पुसली, की यादी सलग दिसते. छागलांना त्यात धर्माच्या रकान्यात बसवणं तर विनोदच: मुंबई उच्च न्यायालयाचा हा माजी मुख्य न्यायाधीश स्वतःला अज्ञेयवादी म्हणवायचा.

आझादांवर टीका करायला जागा नाही असं मुळीच नाही. संविधानाच्या कलम ४५ नं दहा वर्षांची मुदत घातली होती: १९६० पर्यंत चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. आझादांच्या कारकिर्दीत १९५१ ला खरगपूरची आयआयटी उभी राहिली, १९५३ ला विद्यापीठ अनुदान आयोग आला, तीन अकादम्या आल्या. गावच्या एकशिक्षकी शाळेकडं मात्र दिल्लीचा पैसाही कमी वळला आणि लक्षही. प्राथमिक शिक्षण राज्यांचं, हे उत्तर मी वर पुस्तकांसाठी दिलंच आहे. पण पैशाच्या नाड्या केंद्राकडं असताना ते इथं पुरेसं नाही. आझाद वारले तेव्हा मुदतीला दोन वर्षं उरली होती आणि उद्दिष्ट कुठंच दृष्टिपथात नव्हतं. शिक्षणाचा हक्क कायदा होऊन लागू व्हायला एप्रिल २०१० उजाडला.