बाटली आडवी झाली, संध्याकाळचं काय?

महाराष्ट्रात दारूचा वाद दर दोन-चार वर्षांनी नव्याने पेटतो. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरलं आणि पुन्हा गदारोळ झाला. गावोगावच्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात; त्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण न्यू जर्सीत बसून हे वाचताना एक प्रश्न सुटत नाही. दुकान बंद होवो की चालू राहो, ज्याला दारू सोडायची आहे त्याने आज संध्याकाळी सात वाजता जायचं कुठे?

इथे त्याचं उत्तर फोनवर मिळतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेली संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू झाली. तिचं ‘मीटिंग गाइड’ हे अ‍ॅप उघडलं की जवळची मीटिंग, वार, वेळ, सगळं दिसतं. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ हे आधी बघावं. ओपनला कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. नवऱ्याला पोहोचवायला आलेली बायको क्लोज्ड मीटिंगच्या दारातून परत जाते आणि दोघंही पुन्हा फिरकत नाहीत, असं होतं. तिच्यासाठी अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची संघटना वेगळी आहे. यादीतली वेळ कधीकधी जुनी असते, सुट्टीच्या दिवशी खोलीला कुलूप असतं. म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक इंटरग्रुपला, म्हणजे त्या भागातल्या एए गटांच्या कार्यालयाला, फोन करावा.

दहा मिनिटं आधी पोहोचावं. नुसतं पहिलं नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी पुरतं. तासाभराच्या मीटिंगमध्ये एकेक जण आपलं सांगतो. मध्ये कुणी सल्ला देत नाही, वाद घालत नाही. टोपली फिरते, तिच्यात लोक एक-दोन डॉलर टाकतात. नव्या माणसाने काही टाकायची गरज नाही. निघताना दोघा-तिघांचे फोन नंबर घ्यावेत, कारण तलफ मीटिंगची वेळ बघून येत नाही. एकच मीटिंग बघून ‘आपल्याला नाही जमायचं’ असं ठरवू नये. वेगवेगळ्या गटांत पाच-सहा वेळा जावं. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो.

आपल्या मराठी मंडळींच्या अडचणी मात्र वेगळ्या आहेत. बऱ्याच मीटिंग चर्चच्या तळघरात भरतात, म्हणून धर्माची शंका येते. चर्चने फक्त खोली भाड्याने दिलेली असते. एएच्या मार्गातल्या बारा पायऱ्यांत देव येतो हे खरं, पण ‘ज्याला जसा उमजेल तसा’. तेही नको असेल तर १९९४ पासून चालणारी स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संघटना आहे, तिथे देवाचा विषयच नाही. दुसरी भीती व्हिसाची. एए हजेरीपट ठेवत नाही आणि विम्याकडे बिलही पाठवत नाही. व्हिसा अडचणीत येतो तो पिऊन गाडी चालवताना पकडलं गेल्यावर.

इथलं सगळंच घ्यावं असं नाही. कोर्टाने पाठवलेली माणसं नुसती कागदावर सही घ्यायला येऊन बसतात, त्याने खोलीचा सूर बिघडतो. आणि इंग्रजीत ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणून सुटता येतं. आईसमोर खोटी शपथ घेतल्याचं मराठीतच बोलता येतं. भारतातल्या ऑनलाइन मराठी मीटिंगचा इथे मोठा आधार होतो. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ.

एक गोष्ट दोन्हीकडे चुकते आणि ती जिवावर बेतते. रोज भरपूर पिणाऱ्याने ‘उद्यापासून बंद’ म्हणून एकदम थांबू नये. थरथर आणि घाम काही तासांतच सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. आपल्याकडे जेवणात गुपचूप ‘सोडवायची गोळी’ कालवतात. ती बहुधा डायसल्फिराम असते, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा असं औषध. न सांगता दिली आणि वर तो माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. हे थांबायलाच हवं.

मीटिंगचा उपयोग होतो का, असं तिकडे सारखं विचारलं जातं. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. रुग्णाला एएकडे वळवणारे, ठरलेल्या पद्धतीने दिलेले उपचार पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा सरस दिसले.

महाराष्ट्रात पाया नाही असं मुळीच नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, एएचे गट अनेक शहरांत आहेत, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तरी तालुक्याच्या गावात दारूचं दुकान कुणीही दाखवतं आणि मीटिंग कुणालाच ठाऊक नसते. मीटिंगला ना इमारत लागते ना अनुदान. दोन माणसं, खुर्च्या आणि एक खोली पुरते. बाटली आडवी करणाऱ्या ग्रामसभेने ठरावात एक ओळ वाढवावी: जिल्हा परिषद शाळेची एक खोली, दर बुधवारी सात ते साडेआठ, आणि किल्ली कुणाकडे आहे ते फलकावर लिहिलेलं.