पुढच्या तिमाहीत सात

'बीजीपी कनेक्टिव्हिटी ८५ टक्के पूर्ण, उर्वरित काम प्रगतिपथावर.' ही ओळ काल साहेबांच्या रिपोर्टात वाचली आणि शेजारच्या रकान्यात, जबाबदार व्यक्ती म्हणून, माझं नाव. आता उर्वरित १५ टक्के मी कुठून आणू ते साहेबांनाच ठाऊक, कारण बीजीपी म्हणजे राउटरांनी एकमेकांना इंटरनेटचे रस्ते सांगायची पद्धत, आणि दोन राउटरांमधलं तसं बोलणं, म्हणजे सेशन, एक तर उभं असतं किंवा नसतं, ८५ टक्के उभं सेशन अख्ख्या इंटरनेटवर कुणी पाहिलेलं नाही.

सेटअपचं रडगाणं थोडक्यात उरकतो. राउटिंगला आमच्याकडे एफआरआर नावाचं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर, आणि त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घराणं जुनं आहे त्याचं, १९९६ मध्ये झेब्रा सुरू झालं, त्यातून क्वाग्गा निघालं, क्वाग्गातून फुटून २०१७ मध्ये एफआरआर. (क्वाग्गा हा झेब्र्याच्याच जातीतला प्राणी, शेवटचा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला, म्हणजे चालू सॉफ्टवेअरला नामशेष जनावराचं नाव देणारी माणसं होती ही, त्यांच्याकडून सोप्या सेटअपची अपेक्षा आपणच ठेवायची नसते.) तर यातला बीजीपीचा डेमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, एसएनएमपीच्या, म्हणजे यंत्रांची हालहवाल विचारायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, प्रश्नांना थेट उत्तर देत नाही. त्याने एजंटएक्स नावाच्या मध्यस्थीने एसएनएमपीडीला, म्हणजे ती उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामला, सांगायचं आणि एसएनएमपीडीने जगाला. त्यासाठी वेगळं पॅकेज टाका, डेमनच्या ऑप्शनमध्ये एसएनएमपीचं मोड्यूल लावा, राउटरच्या कॉन्फिगमध्ये एजंटएक्स लिहा, तिकडे एसएनएमपीडीच्या फाइलमध्ये मास्टर एजंटएक्स लिहा, दोघांना रीस्टार्ट करा, मग कळतं की त्या दोघांमधलं जे सॉकेट आहे ते उघडायची परवानगीच राउटिंगच्या युजरला नाहीये. तीही दिली. वॉक मारला, म्हणजे सगळे आकडे ओळीने विचारले, तर उत्तर, 'नो सच ऑब्जेक्ट'.

आता इथे मला खरंच राग येतो. ऑब्जेक्ट होतं. डेमन सांगत होता, एसएनएमपीडी ऐकत होता, फक्त पॅकेजबरोबर येणाऱ्या कॉन्फिगमध्ये बाहेरच्याला सिस्टिमची जुजबी माहिती सोडून काही दाखवायचं नाही असा व्ह्यू लिहिलेला, आणि बीजीपीच्या आकड्यांचं झाड १.३.६.१.२.१.१५ त्या व्ह्यूच्या बाहेर. सुरक्षेसाठी आहे, मान्य आहे, पण मग परवानगी नाही असं तोंडावर सांग ना बाबा, तशी वस्तूच अस्तित्वात नाही म्हणून कशाला सांगतोस, माणूस इकडे डेमनचे लॉग चाळत बसतो.

असो. आकडे आले, एकेका पीअरचे, म्हणजे पलीकडच्या राउटरचे, आलेख आले, आणि माझ्या खुर्चीमागे साहेब येऊन उभे राहिले.

साहेब वाईट नाहीत. त्यांना नेटवर्क कळत नाही आणि ते तसं मोकळेपणाने सांगतातही, पण आलेख त्यांना कळतात अशी त्यांची पक्की समजूत आहे. आणि आलेख दिसला की ते खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून वाकतात, त्यामुळे बसलेल्याला हलता येत नाही.

"हे एक लाल का?"

"तो पीअर आपणच बंद ठेवलाय साहेब, मुद्दाम."

"मुद्दाम बंद ठेवलाय तर लाल कशाला? आपल्या मर्जीने बंद आहे म्हणजे नीटच आहे की."

हे बरोबर होतं. झोंबलं ते त्यामुळेच. आपण बंद केलेला आणि आपोआप पडलेला हे वेगळं ओळखायला एमआयबीत, म्हणजे एसएनएमपीने विचारता येणाऱ्या आकड्यांच्या यादीत, चक्क स्वतंत्र रकाना आहे, बंद केला असेल तर १, चालू ठेवायचा असेल तर २, आणि तयार टेम्प्लेट बनवणाऱ्या कुणा महाभागाने तो बघायची तसदी घेतली नव्हती. मी ते लगेच लावलं, लाल गेलं, आणि साहेबांचा आत्मविश्वास जो वाढला तो अजून उतरलेला नाही.

"आणि हा सहा काय आहे?"

मी सांगितलं. बीजीपीच्या सहा अवस्था असतात, एक म्हणजे नुसता बसलेला, दोन आणि तीन म्हणजे टीसीपी जोडायची खटपट, चार-पाच म्हणजे बोलणी, आणि सहा म्हणजे सेशन उभं. सहा नसेल तर रूट मिळत नाहीत. विषय संपला, असं मला वाटलं.

"म्हणजे सहापैकी."

"सहापैकी असं नाही साहेब, ते नुसते क्रमांक आहेत."

"पण हा बघा, हा तीनवर आहे. तीन म्हणजे निम्मं झालं. आणि इथे तर ॲक्टिव्ह लिहिलंय."

आता या ॲक्टिव्हपायी किती लोक फसलेत याची गणतीच नाही, ती अवस्था म्हणजे समोरचा काही उचलत नाहीये आणि आपण अजून वाट बघतोय. हे मी साहेबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे प्रयत्न चालू आहेत."

"हो, पण ट्रॅफिक शून्य आहे."

"अहो, ट्रॅफिक येईल हो. सकाळी एकवर होता, आत्ता तीनवर आहे. तुम्ही उगाच निराश होता."

तो पीअर सकाळपासून एक आणि तीनच्या मध्ये हेलपाटे घालत होता, साहेब बघायला आले तेव्हा नेमका तीनवर होता, बस. पण हे म्हणायच्या आत त्यांनी माउसच हातात घेतला आणि महिन्याचा आलेख काढला. इथे माझा घात झाला, कारण लांबचा काळ दाखवताना आलेख सरासरी काढतो. थोडा वेळ सहा, थोडा वेळ तीन, मध्येच एक, या सगळ्याची घोटून सरासरी ५.१. बीजीपीच्या ५.१ या अवस्थेचं वर्णन २००६ च्या आरएफसी ४२७१ मध्ये, म्हणजे बीजीपीच्या मूळ नियमपुस्तकात, नाही, कुठेच नाही, ती फक्त आमच्या स्क्रीनवर आहे. साहेबांनी मोबाइलवर भागाकार केला.

"पंच्याऐंशी टक्के! हे चांगलंय की."

"साहेब, सरासरी काढून उपयोग नाही, याला अर्थच नाही काही."

"सरासरीला अर्थ नाही?" त्यांनी माझ्याकडे अशा काळजीने बघितलं की मलाच वाटलं आपण काहीतरी भलतं बोललो. मग खुर्चीवरचे हात काढून ते सरळ उभे राहिले, जरा विचार केला आणि विचारलं, "पुढच्या तिमाहीत सातपर्यंत नेता येईल का?"

"सात नसतो साहेब. सहाच्या पुढे काही नाही."

"आज नाही. पण प्रयत्न केला तर?"

यावर काय बोलणार. मी बघतो म्हटलं.

दुसरं दुखणं असं की जे धडधडीत चालू आहे ते या आलेखात येतच नाही. जुनी बीजीपीची एमआयबी पीअर ओळखते तो आयपीव्ही४ पत्त्यावरून, म्हणजे आयपीव्ही६ वरचे सगळे पीअर तिच्या लेखी जन्मालाच आलेले नाहीत. ते बिचारे कधीही न पडता काम करतात आणि रिपोर्टात त्यांचं नाव नाही. त्यांच्यासाठी मी राउटरच्या शेलमधून जेसॉन स्वरूपात आकडे काढणारी वेगळी स्क्रिप्ट लिहिली, घरी बसून, रात्री, आणि साहेबांचा त्यावर प्रश्न, "हे आधी का नव्हते? नवीन घेतले का?" ज्याच्याकडे बोट दाखवता येत नाही ते काम झालंच नाही, हा हिशोब मला आता पाठ झालाय आणि तरी दर वेळी जीव जळतोच.

हेलपाटे घालणाऱ्या पीअरचं मात्र काहीतरी करणं भाग होतं. आमची मोजणी दर पाच मिनिटांनी, सेशन तेवढ्यात पडून परत उभंही राहू शकतं, आणि मोजणीला दोन्ही वेळा सहाच दिसतो. म्हणून एमआयबीतला अजून एक आकडा आलेखात घेतला, सेशन आजवर किती वेळा नव्याने उभं राहिलं त्याचा. तो शांत राहिला तर सगळं ठीक, वाढला तर मधे कुठेतरी पडलंय असं समजायचं. डेमन चालू आहे तोवर हा आकडा कमी कधीच होत नाही.

साहेब आले. वाकले. बराच वेळ बघितलं.

"हा उत्तम आहे," म्हणाले. "हा वाढतोच आहे."

मी सांगायचा प्रयत्न केला, दोनदा केला, दुसऱ्या वेळी आवाजही जरा चढला असेल. पण त्यांना आलेख कळतात. आता रिसेप्शनच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावायचाय आणि त्यावर हा एकच आकडा, ठळक, हिरव्या रंगात, पाहुण्यांना दिसेल असा. फॉन्टबद्दलचे ईमेल सकाळपासून चालू आहेत, सगळ्यांना कॉपी करून, आणि आकडा वाढला की एखादा छानसा आवाज करता येईल का एवढं मी आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.