बोलेल तो करेल काय? करतो, आणि आधी बोलतोही

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: "असली पोरं अचानक बिथरतात, आधी कुणालाच कळत नाही. बोलून दाखवणारा काही करत नाही, गर्जेल तो पडेल काय! 'थ्रेट असेसमेंट' म्हणजे अबोल पोरांवर शिक्के मारायचे धंदे. त्यापेक्षा धमकी देणाऱ्याला सरळ शाळेतून काढा." (थ्रेट असेसमेंट म्हणजे एखाद्याची धमकी किंवा काळजीत टाकणारं वागणं कितपत गंभीर आहे, याची शाळेने केलेली पडताळणी.)

'अचानक' इथूनच गाडी घसरते. १९९९च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस (हो, राष्ट्राध्यक्षांना सांभाळते तीच) आणि शिक्षण खातं यांनी १९७४ ते २००० मधले ३७ शालेय हल्ले तपासले. २००२ साली अहवाल आला. ८१ टक्के प्रकरणांत निदान एकाला तरी आधीच कुणकुण होती. हे बहुतेक मित्र, वर्गमित्र, भावंडं. मोठी माणसं क्वचित. ९३ टक्के हल्लेखोरांच्या वागण्याने आधीच कुणाला तरी काळजीत टाकलं होतं.

म्हणीत मात्र थोडं तथ्य आहे. ज्याला मारायचं त्याला तोंडावर धमकी देणारे फक्त १७ टक्के होते. बाकीचे बहुतेक गर्जले ते भलतीकडे: दोस्तापाशी, वहीत. म्हणून नुसती धमकीची वाट पाहत बसलं तर हाती काही लागत नाही.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचं उदाहरण घ्या. ३० नोव्हेंबर २०२१, सकाळ. गणिताच्या शिक्षिकेला एका मुलाच्या भूमितीच्या कागदावर पिस्तुलाचं चित्र दिसलं. शेजारी लिहिलेलं: विचार थांबत नाहीत, मला मदत करा. तिने फोटो काढला म्हणून बरं, कारण कागद समुपदेशकापुढे जाईपर्यंत पोराने बराच मजकूर खरडून टाकला होता. आदल्याच दिवशी तो वर्गात फोनवर काडतुसं शोधताना दिसला होता. आईवडिलांना बोलावलं. वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतलेल्या पिस्तुलाचा विषय त्यांनी काढला नाही, पोराला घरी न्यायलाही ते तयार झाले नाहीत. तो वर्गात परतला. दप्तर कुणी उघडलं नाही. पिस्तूल दप्तरातच होतं. दुपारी चार विद्यार्थी मारले गेले. रीतसर थ्रेट असेसमेंट व्हायला हवं होतं आणि ते झालंच नाही, असं पुढे स्वतंत्र चौकशीत स्पष्ट झालं. मेसेजवाले याला "बघा, कळूनही उपयोग नाही" म्हणतील. मी म्हणेन, कळलं होतं, पण पुढचे दोन प्रश्न विचारायचे राहिले: घरात बंदूक आहे का, आणि दप्तरात काय आहे?

आता "सरळ काढा". व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांच्या पद्धतीत मुख्याध्यापक, समुपदेशक, शाळेतला पोलीस असे चारपाच जण बसतात आणि आधी एवढंच ठरवतात की धमकी क्षणिक आहे की ठोस. मॅच हरल्यावर "मारूनच टाकीन तुला" म्हणणारा पाचवीतला पोरगा माफी मागून मोकळा होतो. सुरुवातीच्या चाचणीत ३५ शाळांतल्या १८८ धमक्यांपैकी ७० टक्के असल्याच निघाल्या. त्या सगळ्यांना घरी बसवणार? आणि ज्याचा राग खरा आहे, त्याला घरी पाठवून काय साधतं? त्या ३७ हल्ल्यांत बहुतेकांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरूनच आणली होती. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत २०१८ साली १७ जणांना मारणारा तर त्या शाळेतून आधीच बाहेर पाठवलेला माजी विद्यार्थी होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४० शाळांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा गट पाडून केलेल्या अभ्यासात, ही पद्धत वापरणाऱ्या शाळांतल्या मुलांना समुपदेशन जास्त मिळालं आणि लांबचं निलंबन कमी झालं.

राहिला शिक्क्याचा मुद्दा. हल्लेखोराचा ठरावीक साचा नसतो, हे २००२चा तो अहवालच सांगतो. कुणी हुशार, कुणी नापास. कुणी एकटा, कुणी मित्रांच्या गराड्यात. म्हणून पोरगा 'कसा आहे' हे न पाहता तो काय करतोय, हे पाहायचं. प्रत्यक्षात सगळीकडे तसं होत नाही, हेही खरं. विशेष शिक्षणातली मुलं या पडताळणीत जास्त ओढली जातात, अशी तिथल्या पालकांची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. मेसेजमध्ये तिच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.