‘कार्डावर ऑपरेशन नको’ म्हणणाऱ्यांना क्लेम डेस्कवरून उत्तर

एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो दोनदा आला, एकदा तर ‘आपल्या माणसांसाठी’ असं वर लिहून. मजकूर थोडक्यात असा: “आयुष्मान कार्डावर ऑपरेशन करून घेऊ नका. कार्डवाल्यांना हलकं सामान बसवतात. पैशांसाठी नको ती ऑपरेशनं करतात, अहमदाबादला माणसं मेली. कॅगनेच सांगितलंय की योजना बोगस आहे, मेलेल्यांवर उपचार दाखवले. कार्ड असूनही पैसे मागतात आणि तक्रार कोणी ऐकत नाही. आईवडिलांच्या जिवाची काळजी असेल तर रोख भरा.”

मी अकरा वर्षं बडोद्यातल्या खाजगी हॉस्पिटलांत क्लेम डेस्कवर काढली. आधी गुजरात सरकारच्या मोफत उपचार योजनेचं माँ कार्ड, मग केंद्राच्या योजनेचं आयुष्मान. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराच्या मंजुरीचा अर्ज टाकायचा, क्वेरी, म्हणजे योजनेकडून शंका पडली की डॉक्टरांच्या मागे लागून कागद गोळा करायचे, डिस्चार्जच्या दिवशी “काकी, अंगूठो मूको” म्हणत मशीन पुढे करायचं, हे माझं काम. योजनेत काय काय खोट आहे ते मी जवळून पाहिलंय. तरी हा मेसेज वाचून मला संताप आला, कारण त्यापायी आमच्या शेजारच्या काकूंचे दोन दिवस वाया गेले.

काकू 74 वर्षांच्या. न्हाणीघरात पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पुण्याला. काकूंकडे वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड होतं. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार या कार्डावर मिळतात. पण मुलाने तो मेसेज वाचलेला. “कार्डावर नको, मी पैशांची सोय करून येतो, तोवर थांबा.” खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला जमलं तर दीड-दोन दिवसांत टेबलावर घ्यावं लागतं. पडून राहिलं की छातीत कफ साचतो, पायात गुठळी होते, पाठीला जखमा होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना कुशीवर वळवलं तर माकडहाडाच्या जागी तळहाताएवढा लाल चट्टा. बोट दाबून उचललं तरी तो पांढरा होईना. ही जखमेची सुरुवात असते. मी मुलाला फोन लावला आणि म्हटलं, बाळा, तू ज्या मेसेजवर विश्वास ठेवलास त्यातलं एक-एक वाक्य मी तुला सोडवून सांगते, पण आधी ऑपरेशनला हो म्हण. तो हो म्हणाला. त्याला नंतर जे सांगितलं तेच इथे लिहिते.

“कार्डवाल्यांना हलकं सामान बसवतात.”

सामान कोणतं बसवलं हे लपवणं कार्डाच्या केसमध्ये रोखीपेक्षा अवघड आहे. अँजिओप्लास्टीचा क्लेम टाकताना स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर अपलोड करावं लागतं. सांधा बदलला तर सांध्याचं स्टिकर आणि ऑपरेशननंतरचा एक्स-रे लागतो. हे जोडलं नाही की क्वेरी पडते आणि पैसे अडकतात. स्टिकर हरवलं म्हणून ऑपरेशन थिएटरच्या कचऱ्याच्या पिशव्या उपसणारा वॉर्डबॉय मी पाहिलाय. रोख भरणाऱ्याच्या बिलात मात्र बऱ्याचदा ‘इम्प्लांट’ एवढा एक शब्द आणि समोर एक आकडा असतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते एका जुन्या प्रकरणात दिसलं. एका परदेशी कंपनीचा खुब्याचा कृत्रिम सांधा सदोष निघाला म्हणून 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे 4,700 ऑपरेशनांत बसवलेला होता. त्यातले जेमतेम हजारभर रुग्ण पुढे सापडले. बाकीच्यांच्या शरीरात काय आहे हे त्यांना सांगणार कोण? कोणाला कोणत्या नंबरचा सांधा बसवला याची नोंदच हाताशी नव्हती.

स्टेंटचं म्हणाल तर फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने किमतीवर कमाल मर्यादा घातली. तेव्हा औषधाचा थर असलेल्या स्टेंटला 29,600 रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटला 7,260 रुपये ठरले. ही मर्यादा रोखवाल्यालाही लागू आहे. ‘भारी’ स्टेंट म्हणून त्याच्याकडून दीड लाख घेण्याचे दिवस तिथेच संपले. आणि देशी म्हणजे हलका असं समजू नका. आपल्याच गुजरातेत सुरत आणि वापीला बनणारे स्टेंट परदेशात जातात.

एक गोष्ट मात्र मी कबूल करते. दर खाली ओढले की दर्जावर ताण येतो. 2023 मध्ये आपल्या राज्यात डायलिसिसचा दर 2,000 वरून 1,650 रुपयांवर आणला, तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी काम बंद ठेवून विरोध केला होता. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. डायलिसिसमध्ये फिल्टर किती वेळा धुऊन पुन्हा वापरायचा, यावर माणसाचा जीव असतो. पण हे भांडण दरांचं आहे आणि ते सरकारशी उघडपणे भांडायला हवं. त्यासाठी आजारी माणसाला कार्ड खिशात ठेवायला सांगणं हा उपाय होऊ शकत नाही.

“नको ती ऑपरेशनं करतात.”

अहमदाबादचं खरं आहे, आणि ते फार वाईट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये कडी तालुक्यातल्या एका गावात मोफत शिबिर झालं. तिथून 19 जणांना गाडीत घालून अहमदाबादला नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट घातले, दोघं गेले. त्यानंतर राज्य सरकारने हृदयाच्या प्रोसिजरसाठी अँजिओग्राफीची चित्रफीत जोडणं सक्तीचं केलं. दोन माणसं गेल्यावर हे सुचावं याचं मला दुःख आहे.

पण मेसेज पुढे म्हणतो की रोख भरलं की यातून सुटका. बीडच्या ऊसतोड बायकांना विचारा. 2019 मध्ये महाराष्ट्र सरकारच्या समितीने पाहणी केली तेव्हा 13,000 हून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. बहुतेक ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत, आणि कितीतरी जणींनी मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरलेले. रोखीच्या दवाखान्यात प्री-ऑथ नाही, क्वेरी नाही, बाहेरचा डॉक्टर कागद तपासत नाही. लोभी हाताला तिथे मोकळं रान मिळतं.

मग सामान्य माणसाने करायचं काय? शिबिरातून गाडी थेट कॅथलॅबला, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीकडे जात असेल तर त्या गाडीत बसू नका. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, अटॅक आलेला नाही, तरी कोणी “आजच स्टेंट घाला” म्हणाला तर अँजिओग्राफीची सीडी मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. सरकारी सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत वेळ जातो, रांग असते, पण तिथल्या डॉक्टरला तुमच्या स्टेंटमधून काही मिळायचं नसतं. अटॅक आलाच असेल तर मात्र दुसरं मत, तिसरं मत करत बसू नका. तिथे मिनिटं मोजायची असतात.

“कॅगनेच सांगितलं, योजना बोगस आहे.”

कॅग म्हणजे सरकारी हिशोब तपासणारी यंत्रणा. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत आलेल्या तिच्या अहवालातल्या, या मेसेजशी संबंधित भागांबद्दल लिहिते. मेलेल्यांवर उपचार दाखवल्याचा मुद्दा त्यात आहेच: आधी मृत म्हणून नोंदलेल्या 3,446 रुग्णांच्या नावावर 6.97 कोटी रुपये दिले गेले. सरकारचं म्हणणं असं की प्री-ऑथ दाखल झाल्यानंतर तीन दिवसांपर्यंत टाकायची मुभा आहे, त्यामुळे तारखा मागेपुढे दिसतात. यात तथ्य आहे, मी स्वतः रात्री दाखल झालेल्या पेशंटचं प्री-ऑथ दुसऱ्या दिवशी टाकलंय. दुसरा मुद्दा, एकच माणूस एकाच वेळी दोन हॉस्पिटलांत दाखल: 48,387 रुग्णांचे 78,396 क्लेम. अशा केस जिथे जास्त आढळल्या त्या राज्यांत आपलं गुजरातही आहे. त्यावर उत्तर आलं की आईच्या कार्डावर बाळाला दुसरीकडे काचेत ठेवतात, म्हणून असं दिसतं. असं होतं खरं. पण त्या रुग्णांत 23,670 पुरुष आहेत. ते कोणाच्या बाळंतपणाचे? हा प्रश्न कॅगनेच उभा केला, आणि मला तो अगदी रास्त वाटतो.

मेसेज लिहिणाऱ्याने जो आकडा घेतलाच नाही, तो मला सगळ्यांत जास्त बोचतो. 7,49,820 लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले होते, आणि तो नंबर म्हणजे दहा वेळा 9. सरकार म्हणालं, ओळख आधारवर पटवतात, मोबाइलला तसं महत्त्व नाही. मी डेस्कवर बसलेली बाई म्हणून सांगते, फार महत्त्व आहे. तुमच्या कार्डावर कोणी दाखल झालं, पैसे कापले गेले, हे तुम्हाला घरबसल्या कळायची वाट त्या मोबाइलवरूनच जाते. तिथे खोटा नंबर असला, किंवा कार्ड काढून देणाऱ्या एजंटाचा असला, की तुमच्या नावावर काय चाललंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या कार्डाला कोणता नंबर जोडलाय तेवढं बघून घ्या. मी आमच्या वाड्यात बघितलं, तीन घरांत सायबर कॅफेवाल्याचा नंबर निघाला.

आणि एवढंही लक्षात घ्या की हे सगळं कॅगला सापडलं, कारण दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद होती. रोखीच्या व्यवहारात लुबाडलेल्या माणसाचं ऑडिट आजवर कोणी केलेलं नाही.

“कार्ड असूनही पैसे मागतात, तक्रार कोणी ऐकत नाही.”

मागतात, हे खरं. काकूंच्या वेळीही मागितले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डेस्कवरच्या पोराने काकूंच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, “पॅकेजमध्ये साधा सांधा येतो, चांगला हवा तर 18,000 जमा करा, पावती मिळणार नाही.” मुलगा पाकीट काढत होता. मी म्हटलं, हेच वाक्य मला कागदावर लिहून दे. तो उठून गेला. मी तिथूनच योजनेचा हेल्पलाइन नंबर 14555 लावला, तक्रारीचा नंबर घेतला, वहीत लिहिला, आणि तो आकडा डेस्कवर मोठ्याने वाचून दाखवला. पुन्हा कोणी पैशांचं नाव काढलं नाही.

दर वेळी इतक्या सहज होत नाही, कबूल. फोनवर ताटकळावं लागतं, कधी केस निकाली न लावताच बंद करतात. पण नियम आपल्या बाजूचा आहे. पॅकेजमध्ये खाट, औषधं, सामान, डॉक्टर, जेवण, दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस धरलेले असतात. लाभार्थ्याकडून बेकायदा पैसे घेतले तर ते परत करून वर तिप्पट भरपाई द्यावी, असं योजनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि पुन्हा पुन्हा घडलं तर हॉस्पिटल योजनेतून बाहेर. ज्याच्याकडे तारीख, वेळ, मागणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा नंबर असतो, त्याला टोलवणं अवघड जातं. नुसतं “तिथे लुटतात हो” म्हणणाऱ्यासाठी कोणालाच काही करता येत नाही. ओपीडीतल्या तपासण्या आणि रोजच्या गोळ्या कार्डात येत नाहीत, हेही माहीत असू द्या, म्हणजे तिथे मागितलेल्या पैशांवरून उगाच भांडण नको.

“जिवाची काळजी असेल तर रोख भरा.”

काकूंना थिएटरमध्ये नेण्याआधी सिस्टरने त्यांच्या उजव्या मांडीवर निळ्या मार्करने बाण काढला. नाव विचारलं, कोणता पाय ते काकूंच्याच तोंडून वदवून घेतलं. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 19 मुद्द्यांच्या यादीतलं काम. जगातल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात एक दिल्लीचं, ती यादी वापरल्यावर ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. बाण काढायला मार्कर लागतो आणि दोन मिनिटं लागतात. ते करणारी सिस्टर कार्डवाल्यालाही बाण काढते आणि रोखवाल्यालाही. न करणारी दोघांनाही तसंच आत पाठवते. पैसे रोख मोजल्याने ती बदलत नाही. म्हणून दवाखाना निवडताना विचारायचं ते हे: इथे खुब्याची किती ऑपरेशनं होतात, जखम चिघळल्याने किती जण परत आले, रात्री आयसीयूत डॉक्टर असतो का.

आणि इथे माझी सरकारकडे खरी तक्रार आहे. ही उत्तरं योजनेच्या संगणकात पडून आहेत. कोणत्या हॉस्पिटलात किती ऑपरेशनं झाली, किती जण महिन्याभरात पुन्हा दाखल झाले, किती गेले, सगळं क्लेमच्या नोंदींतून निघतं. बडोद्यातल्या प्रत्येक हॉस्पिटलचा हा हिशोब दरवर्षी लोकांसमोर लावा, अशी मागणी त्या मेसेजमध्ये असती तर मी तो स्वतः शंभर जणांना पाठवला असता.

काकूंच्या सांध्याचं स्टिकर मी दोन प्रतींत मागून घेतलं. एक फाइलला आहे. दुसरं त्यांच्या पोथीच्या मलपृष्ठाच्या आत चिकटवलंय, कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर वाचता येईल असं.